एक हिशेब, दोन कंपायलर आणि एक तपासनीस

आपल्या घरांतून हल्ली एखादा तरी मुलगा किंवा सून संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या उद्योगात असते. सणावाराला ही मंडळी घरी आली, तरी पंगत उठल्यावर माजघराच्या कोपऱ्यात त्यांची खटपट चालूच असते; आणि वडीलधाऱ्यांनी ‘काय अडले आहे?’ म्हणून विचारले, तर ‘मेमरीची एक चूक सापडत नाही’ एवढे त्रोटक उत्तर मिळते. ही चूक म्हणजे काय, ती सापडत का नाही, आणि तिच्यापायी शहाणीसुरती माणसे रात्री-अपरात्री जागत का बसतात, हे समजून घेण्यास गणिताची वा विज्ञानाची पदवी लागत नाही. घरातील कोठी आणि पेढीवरील वही ज्याने पाहिली आहे, त्याला हा विषय सहज कळण्याजोगा आहे.

त्यातही या लेखात आम्ही चुकीच्या एका विशेष चमत्कारिक जातीविषयी लिहीत आहोत. आज्ञावली एकच, तिच्यातील एक अक्षरही बदललेले नाही. एका कंपायलरकडून ती यंत्रभाषेत उतरवून घेतली, तर स्मृतीचा तपासनीस ‘येथे दोष आहे’ असे ठणकावून सांगतो. दुसऱ्या कंपायलरकडून उतरवून घेतली, तर तोच तपासनीस ‘दोष शून्य’ असा निर्वाळा देतो. अशा वेळी खरे कोणाचे मानावे?

प्रथम या नाटकातील पात्रांची ओळख करून घेऊ. सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. तिचे नियम १९८९ साली अमेरिकेत व १९९० साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून लेखनिविष्ट झाले. यंत्राला सी समजत नाही, त्याला केवळ आकड्यांची भाषा समजते. म्हणून मध्ये दुभाषी लागतो, तो कंपायलर. आज सर्रास वापरले जाणारे दोन दुभाषी म्हणजे जीसीसी आणि क्लँग. पहिला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली लोकांच्या हाती दिला. दुसरा २००७ साली खुला झाला; आणि तो ज्या एलएलव्हीएम नावाच्या पायावर उभा आहे, तो पाया इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर विक्रम अडवे यांनी २००० सालापासून घातला. दोन्ही दुभाषी विद्वान आणि प्रामाणिक आहेत. परंतु दोन विद्वानांनी एकाच श्लोकाचा अर्थ सांगितला, तर शब्द निराळे येणारच.

आता कोठी. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेल्या असंख्य डब्यांची कोठी आहे असे समजा. आज्ञावलीला लागेल तेव्हा ती डबे मागून घेते आणि काम संपले की परत करते. येथे चार प्रकारचे बेशिस्त वर्तन संभवते. डबा परत न करणे. परत केलेल्या डब्यात पुन्हा हात घालणे. आपला डबा सोडून शेजारच्या डब्यात हात घालणे. आणि चौथे, ज्याच्याविषयी आपल्याला मुख्यतः बोलावयाचे आहे ते, म्हणजे हाती आलेला डबा न घासता, त्यात स्वतः काही न भरता, आत जे असेल ते आपलेच म्हणून वापरणे. आत काय असेल? पूर्वीच्या उपयोगातले उरलेसुरले काहीही. कधी ते निरुपद्रवी शून्य असते, कधी भलताच आकडा.

असे वर्तन घडले तर काय व्हावे, याविषयी सीच्या प्रमाणग्रंथाने जाणूनबुजून काहीही सांगितलेले नाही. ‘शिक्षा होईल’ असेही नाही आणि ‘क्षमा होईल’ असेही नाही. सीच्या जन्मकाळी यंत्रे धिमी होती आणि प्रत्येक डबा घासून देण्यास वेळ लागे, म्हणून ही सवलत ठेवली गेली. पण कंपायलरांनी त्या मौनाचा एक फार पुढचा अर्थ लावला आहे. ‘असे वर्तन शहाणा लेखक करणारच नाही’ असे गृहीत धरून ते आपली काटकसर करतात. भाषांतर करताना अनावश्यक वाटणारी पावले गाळणे, दोन पावलांचे एक करणे, क्रम बदलणे, याला आम्ही काटकसर म्हणत आहोत. लेखकाने नियम पाळले असतील, तर या काटकसरीने उत्तर बदलत नाही, केवळ वेग वाढतो. नियम मोडला असेल, तर मात्र काय होईल याची हमी उरत नाही. आणि प्रत्येक कंपायलरची काटकसर निराळी असल्यामुळे परिणामही निराळे होतात.

तपासनिसांत सर्वांत परिचित म्हणजे व्हॅलग्रिंड. ज्यूलियन सीवर्ड यांनी तो २००२ साली प्रसिद्ध केला व पुढे निकोलस नेदरकोट यांनी त्यात मोठी भर घातली. त्याचे मेमचेक नावाचे अंग फार चिकाटीचे आहे. स्मृतीतील प्रत्येक बिटामागे ते एक छायाबिट ठेवते आणि ‘यात कोणी जाणीवपूर्वक काही भरले आहे काय?’ याची नोंद करते. न भरलेला आकडा एका डब्यातून दुसऱ्यात नेला, त्यात काही मिळविले, तरी मेमचेक ओरडत नाही. ते फक्त सावलीसारखे मागे जाते. ज्या क्षणी त्या आकड्यावरून काही निर्णय घेतला जातो, ‘हा शंभराहून मोठा असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ अशा वळणावर आज्ञावली येते, त्या क्षणी ते तक्रार नोंदवते. या चोख पहाऱ्यापायी आज्ञावली वीस-तीस पट धिमी चालते, ते असो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, मेमचेक मूळ सी लेखन पाहत नाही. कंपायलरने जे यंत्रभाषेत उतरविले तेवढेच त्याच्यापुढे येते. दुभाष्याने जे वाक्य गाळले, त्याची चौकशी न्यायाधीश कोठून करणार?

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. कोल्हापूरची शाहूपुरी ही १८९५ साली शाहू महाराजांनी वसविलेली व्यापारपेठ. गुळाचा मोठा बाजार पुढे मार्केट यार्डात गेला, तरी पेठेच्या नावाला गुळाची गोडी अजून चिकटलेली आहे. समजा, शाहूपुरीतील एखाद्या गुळाच्या पेढीने शिल्लक रव्यांचा हिशेब ठेवण्यासाठी सीमध्ये एक लहानशी आज्ञावली करून घेतली. सकाळी दुकान उघडले की आज्ञावलीने कालची नोंद शोधावी, सापडली तर तीतील आकडा ‘शिल्लक’ या डब्यात घालावा, त्यात आजची आवक मिळवावी, विक्री वजा करावी, आणि रवे वखारीत मावणार नाहीत इतके झाले तर तशी सूचना द्यावी. लेखकाने ‘नोंद सापडली तर’ लिहिले. ‘न सापडली तर’ काय, हे लिहावयाचे राहिले. काल पेठ बंद असेल तर कालची नोंद नसणारच, आणि ‘शिल्लक’ हा डबा न भरताच पुढे जाणार.

हंगामाच्या आरंभी, गुऱ्हाळे नुकती सुरू झालेली असताना, चाचणी घेतली. शिल्लक खरोखरच शून्य होती आणि डब्यातही योगायोगाने शून्यच होते. हिशेब जुळला, सर्वांनी मान डोलावली. पुढे कोणा सावध माणसाने मेमचेक लावून पाहिले. काटकसर न करता उतरविलेल्या यंत्रभाषेत ‘शिल्लक’ हा डबा जसाच्या तसा होता. वखारीच्या मापाशी तुलना होताच तपासनिसाने सांगितले की, हा निर्णय न भरलेल्या आकड्यावर उभा आहे. तीच आज्ञावली दुसऱ्या कंपायलरकडून पूर्ण काटकसरीने उतरवून घेतली, तर तक्रार नाहीशी झाली.

दुसऱ्या कंपायलरने काय केले असेल, ते पाहण्याजोगे आहे. त्याने असा विचार केला की, ‘शिल्लक’ या डब्यात येणारा आकडा दोनच वाटांनी येतो: एक वाट नोंदीतून, दुसरी न भरलेली. न भरलेल्या वाटेने कोणताही आकडा आला तरी नियमांची हरकत नाही. मग तेथेही नोंदीतलाच आकडा आला असे का मानू नये? असे मानले की दोन्ही वाटा एक होतात आणि ‘सापडली तर’ ही अट या आकड्यापुरती निरर्थक ठरते. त्याने ती गाळून टाकली. आता नोंद सापडो वा न सापडो, नोंदीचा कोरा करून ठेवलेला मसुदा, म्हणजे शून्य, ‘शिल्लक’मध्ये येऊन पडतो. तो आकडा रीतसर भरलेला आहे. मेमचेकला त्यात काहीच वावगे दिसत नाही. वखारीत तीनशे रवे पडून आहेत, वही शून्य सांगते आहे, आणि तपासनीस निर्दोष म्हणून शिक्का मारतो आहे.

येथे ज्या भाषांतरावर तपासनीस ओरडला ते त्यातल्या त्यात बरे, आणि ज्यावर तो गप्प राहिला ते अधिक घातक, असा उलटा न्याय आहे. ‘अमक्या कंपायलरने चूक येते, तमक्याने येत नाही, म्हणून तमका वापरा’ असा सल्ला देणारे लोक या धंद्यात पुष्कळ भेटतात. तो सल्ला म्हणजे ताप दाखविते म्हणून तापमापक बदलण्याचा प्रकार आहे, असे आमचे मत आहे.

तथापि उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कारण तपासनीस दर वेळी खराच असतो असे नाही. सीमध्ये ‘नोंद सापडली असेल आणि तीतील रक्कम शंभराहून अधिक असेल तर’ अशी जोडअट लिहिली, तर पहिली अट खोटी ठरताच दुसरी पाहिलीच जाणार नाही, असा नियम आहे. पण काटकसरी कंपायलर कधी कधी दुसरी अट आधी तपासतो. न भरलेली रक्कम पाहून तो तात्पुरता भलत्या वाटेने गेला, तरी पुढे पहिली अट त्याला अडवितेच. अंतिम उत्तरात तिळमात्र फरक पडत नाही. लेखन निर्दोष, भाषांतर निर्दोष, आणि तरीही मेमचेक तक्रार करतो, कारण वळण न भरलेल्या आकड्यावर घेतले गेले हे त्याच्या दृष्टीने खरेच असते. अलीकडचे कंपायलर जसे चलाख झाले, तशा या खोट्या तक्रारी वाढल्या. २०२० साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या फॉसडेम परिषदेत सीवर्ड यांनी स्वतः याच विषयावर व्याख्यान दिले आणि यंत्रभाषेतून मूळची जोडअट पुन्हा ओळखून काढण्याची युक्ती मांडली. तपासनिसाच्या कर्त्यानेच दुभाष्यांच्या नव्या बोलीचा अभ्यास करावयास बसावे, यात आम्हांस मोठे कौतुक वाटते.

दुसरा एक मतभेद फटींचा आहे. लहानमोठे डबे एका फळीवर नीट बसावेत म्हणून कंपायलर त्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडतो. सगळी फळी एकदम पुसून घेणारा कंपायलर त्या फटीही पुसतो. डबे एकेक करून पुसणारा फटी तशाच ठेवतो. मग ती फळी उचलून जशीच्या तशी फायलीत लिहिली, की दुसऱ्या बाबतीत तक्रार येते, पहिल्या बाबतीत येत नाही. बहुधा ही तक्रार क्षुल्लक असते. बहुधा म्हटले, कारण त्या फटीत मागच्या कामातील एखादा गुप्त मजकूर उरला असेल आणि फाईल परक्याच्या हाती जाणार असेल, तर ती क्षुल्लक राहत नाही.

खऱ्या-खोट्या तक्रारींच्या या गर्दीत कंटाळून ‘एवढी ओळच काढून टाकू, म्हणजे ओरड थांबेल’ असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. तसे एकदा झाले, आणि त्याची किंमत साऱ्या जगाने दिली. ही हकीकत डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध वितरणातील आहे. संगणकांचे परस्परांतील गुप्त दळणवळण ओपनएसएसएल नावाच्या आज्ञावलीवर चालते, आणि तिचा सारा भरवसा, कोणालाही अंदाज करता येणार नाही अशा यादृच्छिक आकड्यांवर असतो. व्हॅलग्रिंड आणि प्युरिफाय हे तपासनीस तिच्यात न भरलेल्या स्मृतीची तक्रार करीत. २००६ साली डेबियनमध्ये ती सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने तक्रारीचा माग काढला, मूळ कर्त्यांच्या मंडळींत तसे विचारलेही, आणि शेवटी दोन ओळी बंद केल्या. दोन्ही ओळी दिसावयास जवळजवळ सारख्याच होत्या. एक खरोखर बिनमहत्त्वाची होती: न भरलेला मजकूर मिश्रणात टाकला, तर बिघडत काहीच नव्हते. दुसरी ओळ मात्र, बाहेरून गोळा केलेली सारी यादृच्छिकता मिश्रणात ओतणारी मुख्य धार होती. ती बंद झाल्यावर मिश्रणात बदलता म्हणून उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक. आणि लिनक्सवर तो क्रमांक त्या काळी सामान्यतः ३२,७६८ पर्यंतच जाई.

म्हणजे त्या यंत्रांवर केलेली प्रत्येक किल्ली मूठभर किल्ल्यांपैकी एक होती, आणि तो जुडगा कोणालाही घरबसल्या करून ठेवता येत होता. तपासनीस मात्र शांत झाला होता. सुमारे पावणेदोन वर्षे हे असेच चालले. लुसियानो बेलो यांच्या ध्यानात ते आले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर सूचना दिली. डेबियनवर आणि त्यापासून निघालेल्या उबुंटूवर त्या काळात केलेल्या किल्ल्या जगभर रद्द करून नव्या कराव्या लागल्या. ज्या स्वयंसेवकाच्या हातून हे झाले त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याने विचारपूस केली होती, हे विसरू नये. तपासनिसाने बोट दाखविले ते जेथे न भरलेला आकडा वापरला गेला त्या जागी. तो आकडा आला कोठून, ही गोष्ट निराळी होती, आणि दोन्ही जागा एकच मानल्या गेल्या.

तेव्हा दोन कंपायलर दोन निकाल देत असतील, तर जाणते लोक काय करतात? पहिले काम अगदी घरगुती आहे: कंपायलरने आपण होऊन दिलेल्या सूचना वाचणे. शाहूपुरीच्या उदाहरणातील चूक क्लँगला वाचतावाचताच दिसते. सूचना मागितल्या तर तो ‘अट खोटी ठरल्यास हा डबा न भरताच वापरला जाईल’ असे स्पष्ट सांगतो. जीसीसीमध्ये अशा जागची सूचना त्याच्याच काटकसरीच्या ओघात हरवू शकते, आणि तशी तक्रार २००४ सालीच त्याच्या दोषनोंदीत झालेली आहे. त्यानंतर दोन्ही कंपायलरांची काटकसर बंद करून, मूळ ओळींचे क्रमांक राखून, आज्ञावली पुन्हा तपासतात. व्हॅलग्रिंडला २००९ पासून एक सोय आहे: सांगितले तर तो न भरलेला आकडा मूळ कोणत्या डब्यातून निघाला तेही दाखवितो. मग आज्ञावली छाटत जातात. चूक टिकून राहील तितपत छाटावयाची, पाच हजार ओळींच्या वीस होईपर्यंत. हे काम निवडणाऱ्या बाईच्या हातासारखे सावकाश आणि न कंटाळता करावे लागते. एवढे करून दोन भाषांतरे शेजारी ठेवून यंत्रभाषेत वाचली, म्हणजे कोणते पाऊल कोणी गाळले ते उघड होते. आणि ते गाळण्याचा अधिकार त्याला होता काय, याचा निकाल प्रमाणग्रंथ देतो.

निराळ्या जातीचा तपासनीसही मदतीस घेतात. गूगलच्या मंडळींनी २०१२ साली मांडलेला ॲड्रेससॅनिटायझर आज्ञावलीत कंपायलरकडूनच पेरला जातो. तो शेजारच्या डब्यात घातलेला हात फार चटकन पकडतो. पुढल्याच वर्षी तो जीसीसीतही आला. न भरलेल्या डब्यांसाठीचा मेमरीसॅनिटायझर मात्र क्लँगमध्ये आहे, जीसीसीत नाही. आणि त्याची अट अशी की, आज्ञावली ज्या ज्या परक्या ग्रंथालयांची मदत घेते, तीही त्याच रीतीने उतरविलेली असावीत, नाही तर तो पाहुण्यांनाच चोर समजतो. आपल्याकडे या विद्येचा पाया मुंबईच्या आयआयटीत चांगला घातला गेला. उदय खेडकर व अमिताभ सन्याल या प्राध्यापकांनी जीसीसीच्या अंतरंगावर अभ्यासवर्ग चालविले, आणि आज्ञावलीतील आकडा कोणत्या वाटेने कोठवर पोहोचतो या विषयावरील त्यांचा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. आमच्या उदाहरणातील त्या दोन वाटांचा प्रश्न म्हणजे त्याच शास्त्राचा पहिला धडा होय.

अलीकडे या साऱ्यावर एक सोपा तोडगा निघाला आहे. प्रत्येक डबा कंपायलरनेच आधी शून्याने भरून द्यावा, अशी सोय क्लँगमध्ये २०१९ च्या सुमारास आणि जीसीसीमध्ये २०२२ साली आली. सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचा उपयोग मोठा आहे. मागच्या मजकुराची गळती तिने थांबते, म्हणून लिनक्सच्या गाभ्यातही तिचा स्वीकार झाला आहे. ती वापरली तर शाहूपुरीच्या त्या आज्ञावलीवर दोन्ही कंपायलर एकच उत्तर देतील आणि मेमचेक दोन्हीकडे गप्प बसेल. पण त्या डब्यात शून्य असावयास नकोच होते. पेढीवरचा कोणताही जुना दिवाणजी पेठेच्या सुट्टीनंतर वही उघडताना पहिल्या ओळीत शून्य लिहीत नसे. सुट्टीआधीच्या पानावरील शिल्लक बघून तो ‘मागील पानावरून’ असे लिही, आणि पुढे तीनशे रवे मांडी.